पिंकीच्या वजनाचा गूळ

सोलापूरच्या कडक भाकरीचं एक आहे, ती चोरून खाता येत नाही. पापडासारखी पातळ, खणखणीत वाळलेली. घरातल्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन मोडा, असा कडाककन आवाज येतो की स्वयंपाकघरातून आई ओरडलीच म्हणून समजा, "कोण आहे गं तिकडं?" आरोहीच्या घरी या भाकरी आठवडाभराच्या एकदमच व्हायच्या आणि पत्र्याच्या डब्यात रचून ठेवलेल्या असायच्या. तो डबा आरोहीनं स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर नेऊन ठेवला होता. कारण घरात पिंकी होती.

पिंकी म्हणजे आरोहीची धाकटी बहीण. होती दुसरीत, पण फ्रॉक पाचवीतल्या मुलीचे लागायचे, आणि तेही आईला काखेत उसवून वाढवून द्यावे लागायचे. गालांवर खळ्या, बोलणं गोड, चित्रं काढण्यात एक नंबर. फक्त भूक! जेवून उठली की हात धुता धुताच विचारायची, "आई, आता परत कधी जेवायचं?" सगळे हसायचे. पिंकीला कळायचं नाही यात हसण्यासारखं काय आहे, पण सगळे हसतायत म्हणून तीही थोडं हसून घ्यायची.

आणि आरोही? काय सांगायचं आरोहीचं! गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात शेवटच्या बाकावर बसून दप्तर छातीशी धरायची. मग नववीत मराठीच्या बाईंनी तिला जबरदस्तीनं वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, आणि पोरीनं जिल्ह्यात पहिला नंबर काढला. त्या दिवसापासून आरोही दुसरीच झाली. केस कापले. सकाळी होम मैदानावर पळायला लागली. अंगावरची थोडीशी गोलाई होती ती दोन-तीन महिन्यांत गेली, आणि मग तिला एक मंत्रच सापडला: मनावर घेतलं की सगळं होतं. हा मंत्र ती मैत्रिणींना सांगायची, मावशीला सांगायची, शेजारच्या काकूंना भाजी निवडताना सांगायची. आरशालासुद्धा सांगायची.

मग तिनं पिंकीला सुधारायचं ठरवलं.

"उड्या मार. थांबू नको. मनावर घे की गं जरा!"

पिंकी मनावर घ्यायची. खरंच घ्यायची. दोरी हातात घेऊन अंगणात धपाधप उड्या मारायची, घामानं निथळायची, मग धापा टाकत आरोहीजवळ यायची आणि विचारायची, "ताई, आता खाऊ?"

"झालं! म्हणजे सगळं पाण्यात," आरोही कपाळाला हात लावायची.

तर अशाच एका रविवारी दुपारी आई शिलाईच्या मशीनवर बसली होती, पप्पा होटगीला स्टेशनात ड्युटीवर होते, आणि बाथरूमचा नळ बारीक धारेनं चालू होता. बराच वेळ चालू होता. आरोहीनं दार ढकललं.

आत पिंकी पाटावर बसलेली. पुढ्यात प्लॅस्टिकचा टब, टबात पाणी, पाण्यात कडक भाकरी. पोरीनं स्टुलावर उपडी बादली ठेवून माळा गाठला होता, आणि आवाज होऊ नये म्हणून भाकरी पाण्यात भिजवून मऊ करून खात होती. आंघोळीच्या टबात!

आरोहीला आधी हसू फुटलं. मग तिनं खिशातून मोबाईल काढला आणि आपल्या जिल्ह्यात पहिल्या आलेल्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार मंडळी! आपण आलोय पिंकीताईंच्या हॉटेलात! आजची स्पेशल डिश, नळाच्या पाण्यातली भाकरी! सोबत चटणी नाही, कांदा नाही, लाज तर बिलकुलच नाही! पिंकीताई, प्रेक्षकांना सांगा, कशी झालीय?"

पिंकीनं वर बघितलं. तोंड भरलेलं. ती थांबली नाही, उलट जास्त भरभर खायला लागली, डोळे आरोहीवर ठेवून. हेच तर सगळ्यात मजेशीर आहे असं आरोहीला वाटलं. व्हिडिओच्या शेवटी ती एवढी हसलीय की मोबाईल हलतोय.

तो व्हिडिओ तिनं 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर टाकला.

काय विचारता! मावशीनं हसून हसून रडणारे चेहरे पाठवले. अक्कलकोटच्या आत्याचा मुलगा अभिमन्यू, त्यानं व्हिडिओला बँडचं संगीत लावून स्वतःच्या स्टेटसला ठेवलं. आईसुद्धा "काय बाई ही पोरगी" म्हणत हसली. आणि मंद्रूपहून पप्पांच्या थोरल्या भावाचा, ईरप्पाकाकांचा, व्हॉइस मेसेज आला, "आरोही, तुज्या बहिणीला सांग, जरा दमानं खा म्हणावं. आवंदा तिची गुळाची तुला करायची हाय. हिच्या मापाचा गूळ टेंपोत न्हाय बसायचा, ट्रकच सांगावा लागंल!"

ही तुला म्हणजे आजीचा नवस. आजीला घरात सगळे अव्वाच म्हणायचे. पिंकी तान्ही असताना न्यूमोनियानं पार गेल्यात जमा होती, तेव्हा अव्वानं गावच्या देवाला बोलून ठेवलं होतं, पोरगी जगली तर शाळेत जायला लागल्यावर तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. तराजूच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पोर जगली. पण दरवर्षी काहीतरी निघायचं आणि नवस पुढं जायचा, आणि पिंकी वाढत राहिली. आता येत्या श्रावणात काहीही झालं तरी करायचंच, असं अव्वानं ठणकावून सांगितलं होतं.

ईरप्पाकाकांचा तो आवाज आरोहीनं सगळ्यांना ऐकवला. पिंकीलासुद्धा.

त्यानंतर पंधरवड्यात पिंकीच्या शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी पिंकीचं वजन बघितलं, उंची बघितली, पुन्हा वजन बघितलं आणि चिठ्ठी दिली, मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. मग सगळी वरात सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात. आरोही मुद्दाम गेली. डॉक्टरांना घरातली खरी परिस्थिती कोणीतरी सांगायला नको? आईपप्पा लाड करतात, शिस्त लावत नाहीत, हे सांगायचं तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

डॉक्टर मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "खायचं कसं आहे हिचं? पोट भरलं म्हणते का कधी? लपवून, शोधून खाते का?"

"मॅडम, सांगून पटायचं नाही तुम्हाला," आई म्हणाली आणि पर्समधून मोबाईल काढला. "थांबा, दाखवतेच."

आरोहीचा हात एकदम त्या मोबाईलकडं गेला. का, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

आवाज फुल होता. *नमस्कार मंडळी! आपण आलोय पिंकीताईंच्या हॉटेलात!* त्या पांढऱ्या, शांत खोलीत तो आवाज घुमला. घरी तो किती भारी वाटला होता! इथं तो एखाद्या खवचट बाईचा वाटत होता. *लाज तर बिलकुलच नाही!* टेबलाच्या पलीकडं मॅडम हसल्या नाहीत. ओठसुद्धा हलले नाहीत. पिंकी खुर्चीत पाय हलवत बसली होती, ती पाय हलवायची थांबली.

व्हिडिओ संपला. मॅडम म्हणाल्या, "परत लावा."

परत! आरोहीला वाटलं, फरशीनं आपल्याला आत घ्यावं. पुन्हा नमस्कार मंडळी, पुन्हा चटणी नाही, कांदा नाही. मॅडमनी एका जागी थांबवलं आणि बोट ठेवलं. "हे बघा. लहान मूल खाताना पकडलं गेलं की हातातलं टाकून देतं, लपवतं, रडतं. ही टाकत नाही. समोर कॅमेरा आहे, कोणीतरी हसतंय, तरी ही थांबू शकत नाही." मग त्या पिंकीकडं वळल्या. "पिंकी, तेव्हा काय वाटायलं होतं गं तुला?"

पिंकीनं आधी आरोहीकडं बघितलं. मग म्हणाली, "ताई काढून घेईल असं."

"आणि पोटात?"

"पोटात नाही," पिंकी विचार करून म्हणाली. "सगळीकडंच भूक होती."

मॅडमनी लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "व्हिडिओत हसणारं कोण आहे?"

"हीच की, मोठी," आई म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. तेवढंच. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. शिस्तीबद्दल सांगायचं ठरवलेलं भाषण आरोहीनं गिळून टाकलं.

मॅडमनी पप्पांना विचारलं, लग्न नात्यातलं का? पप्पा म्हणाले, "व्हय. मामाची मुलगीच केलीय मी. आमच्यात चालतं." मग चौघांचंही रक्त घेतलं. ते लांब कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेत गेलं आणि उत्तर यायला आषाढ उजाडला.

उत्तर मॅडमनी पप्पांना समजेल असं सांगितलं. "हे बघा सिद्धराम, जेवण झालं की शरीर मेंदूला निरोप धाडतं, बास आता. हा निरोप म्हणजे हार्मोन. मेंदूतल्या पेशींवर तो निरोप घेणारी एक जागा असते, रिसेप्टर म्हणतात तिला. ती जागा कशी बनवायची हे ठरवणारं जे जनुक, ते पिंकीच्या अंगात बदललेलं आहे. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. हिच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. निरोप सुटतो, पण घ्यायला जागाच नाही. तुम्ही तिला कितीही वाढा, तिच्या मेंदूला वाटतं ही उपाशी आहे. ती नाटक करत नाही. हावरटपणाही करत नाही. ती खरोखर उपाशी असते."

पप्पा स्वतः अंगानं जड. ते टेबलाकडं बघत म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळं झालं की हे."

"कुणामुळंच नाही. तुमच्याकडं आणि हिच्या आईकडं, विजयमालाताईंकडं, एकेक बदललेली प्रत आहे. म्हणून तुमचंही वजन पटकन वाढतं. दोन्ही हिच्याच वाट्याला आल्या, हा निव्वळ योगायोग."

"आणि मी?" आरोही मध्येच बोलली.

खरं सांगायचं तर तिला एक आशा होती. आपल्यातही एक बिघडलेली प्रत असेल, आणि तरीही आपण पळून पळून तिच्यावर मात केली असेल. म्हणजे निदान तो मंत्र तरी खरा ठरेल.

"तुझ्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुझं पोट भरतं."

बस्स. एवढंच होतं ते. इतके दिवस आरोही जी भूक जिंकल्याचं गावभर सांगत फिरत होती, ती भूक तिला कधी लागलीच नव्हती. दोन पोळ्या झाल्या की तिला नको व्हायचं, आणि त्याला ती निग्रह म्हणत होती. आणि तिची सात वर्षांची बहीण रोज, ताटावरून उठताना, जो निग्रह करत होती त्याला सगळे खादाडपणा म्हणत होते. आरोहीचे कान तापले. तिनं पिंकीकडं बघायचं टाळलं.

औषधाचं विचारलं तर मॅडमनी मान हलवली. या प्रकारावर खात्रीचं औषध सध्या तरी आपल्या हाताशी नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण, भाज्या, डाळी, खेळ. मोठी झाल्यावर भूक बऱ्याचदा थोडी उतरते. "फडताळाला कुलूप लावलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण तिला चोर म्हणू नका."

घरी आल्या आल्या आरोहीनं ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला घेतला. सगळ्यांच्या मोबाईलमधून तो काढायची वेळ कधीच होऊन गेली होती, फक्त तिच्या मोबाईलमधून गेला. तिनं अभिमन्यूला फोन लावला.

"तो व्हिडिओ उडव. कुणाकुणाला पाठवलायस त्यांनाही सांग."

"अगं तूच टाकलंस की!" तो म्हणाला. "आमच्या क्लासमध्ये सगळ्यांना पाठ झालाय तो. आता काय एवढं?"

"उडव म्हणजे उडव," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. भाषणात पहिल्या येणाऱ्या पोरीनं!

मग ती पिंकीजवळ गेली. पिंकी जमिनीवर पालथी पडून मोर रंगवत होती. "पिंक्या, सॉरी," आरोही म्हणाली. "त्या व्हिडिओचं. मला माहीत नव्हतं."

"हं," पिंकी म्हणाली. निळा रंग संपवला, हिरवा घेतला. मग विचारलं, "जेवायला अजून किती वेळ आहे?"

हे 'हं' आरोहीला पुरलं नाही. तिला वाटलं, जे सगळ्यांसमोर केलं ते सगळ्यांसमोरच निस्तरलं पाहिजे. श्रावणात गुळाच्या तुलेला सगळी माणसं मंद्रूपला जमणारच होती. तिथंच उभं राहून सांगायचं! रिसेप्टर, जनुक, सगळं. शेवटी सगळ्यांदेखत पिंकीची माफी मागायची. तिनं भाषण लिहिलं, पाठ केलं, आरशापुढं म्हणून बघितलं. माफीच्या वाक्याला स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटलं, काय जमलंय!

श्रावणातल्या सोमवारी देवळापुढच्या फरसबंद आवारात लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू टांगला होता. एका बाजूला गुळाच्या ढेपा, त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि भोवती सगळं गणगोत. पिंकीला हिरवं परकर-पोलकं शिवलं होतं. गाडीतून उतरल्यापासून तिनं मुठीतला आईचा पदर सोडला नव्हता.

"तीच की रे ती, बाथरूमवाली," कुणीतरी पोरगं कुजबुजलं. कुजबुजलं कसलं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"ये गं माजी लक्षुमी," पायरीवर बसलेली अव्वा हात पसरून म्हणाली. "बस पारड्यात. देव वाट बगायलाय."

पिंकी हलली नाही.

"अरे, आदी साकळी बगून घ्या रं!" ईरप्पाकाका ओरडले. "वखारवाल्याला भरपाई द्याय लागंल!"

हशा झाला. पिंकी आईच्या मागं गेली, पण आईच्या मागं मावेल एवढी ती छोटी नव्हती.

आता! आरोही देवळाच्या पायरीवर चढली. "एक मिनिट! मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय."

आवाज मस्त लागला. सगळे वळले. कोणीतरी मोबाईल वर धरला, मग आणखी एकानं. आरोहीनं श्वास घेतला.

"माझी बहीण खादाड नाही. तिच्या मेंदूतल्या पेशींवर..."

आणि सगळ्यांच्या माना एकदम पिंकीकडं वळल्या. मोबाईलही वळले. पेशी कुठं दिसतायत का बघावं तसे सगळे तिच्याकडं, तिच्या पोटाकडं, तिच्या दंडांकडं बघायला लागले. हिरव्या पोलक्यातली पिंकी भिंतीला चिकटली. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, टबासमोर बसून वर बघताना होतं ते. तेव्हा आरोहीला ते दिसलं नव्हतं. आता एवढ्या लांबूनही दिसलं.

"ताई," पिंकी म्हणाली. मोठ्यानं नाही. "गप की गं."

पुढचं सगळं आरोहीला पाठ होतं. माफीचं वाक्य तर जिभेच्या टोकावर होतं. पण ते म्हणायचं तर पिंकीला आणखी तेवढा वेळ तिथं उभं राहावं लागणार होतं, सगळ्यांच्या नजरेत. आणि माफी सुंदर झाली असती, लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. कुणाला? आरोहीला. तिला स्वतःची एवढी शरम कधीच वाटली नव्हती, दवाखान्यातसुद्धा नाही.

"काय सांगायलीस गं? बोल की!" मावशी म्हणाली.

"काही नाही," आरोही म्हणाली आणि खाली उतरली. कोणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे.

ती अव्वाच्या कानाशी वाकली. "अव्वा, हिला सगळ्यांसमोर नको बसवू."

"आगं, नवस हाय यव्वा! न्हाई कसं म्हणू? देवाला बोललीया मी."

"नवस फेड की. पण दार लावून."

"देवापुढं कसलं दार लावायचं?"

"देवाला राहू दे आत," आरोही म्हणाली. "माणसांना बाहेर काढ."

अव्वानं तिच्याकडं नीट बघितलं. मग भिंतीजवळच्या पिंकीकडं बघितलं. मग काठी टेकत उठली आणि अशी काही ओरडली की गुळावरच्या माश्याही उठल्या. "चला रं, समदी भाईर व्हा! ईरप्पा, तूबी! मोबाईलवाली आदी! नवस माजा हाय, मी आन माजी नात बगून घिऊ. आईबाप तेवडं ऱ्हावा ढेपा उचलायला."

कुरबुर झाली, पण अव्वापुढं कोण बोलणार? माणसं चपला शोधत, पुटपुटत आवाराच्या दरवाजातून रस्त्यावर गेली. आरोही आपली उलट्या बाजूनं, तराजूकडं निघाली. एक ढेप तीही उचलणार होती.

"ताई," पिंकी म्हणाली. आईचा पदर तिनं आता सोडला होता. "तू पण बाहेर."

आरोही थांबली. आई काहीतरी बोलायला गेली, पप्पांनी तिच्या हाताला धरलं.

"बरं," आरोही म्हणाली.

ती बाहेर आली आणि मागं दरवाजा लागला, आतून कडी बसली. रस्त्यावर ऊन होतं. सगळे सावली बघून उभे होते आणि सगळे तिच्याकडंच बघत होते. हेच सगळे तिच्या व्हिडिओला हसले होते, आणि आता ती त्यांच्यातच उभी होती. दुसरीकडं कुठं उभं राहणार?

आत साखळी करकरली. गुळाची ढेप पारड्यात पडल्याचा दबका आवाज आला, मग दुसरी. ईरप्पाकाका कान देऊन मोजत होते. त्यांनी आरोहीला कोपरानं डिवचलं. "किती भरंल गं? तुला म्हाईत असंल की."

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "आणि असतं तरी सांगितलं नसतं."

"आगं, गंमत केली!"

"हो. मीपण गंमतच केली होती."

काका काहीतरी पुटपुटत सावलीला सरकले. आरोही दरवाजापासून लांब, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, ढेपांचा आवाज येणार नाही एवढ्या अंतरावर. थोड्या वेळानं आत अव्वा काहीतरी म्हणाली आणि पिंकी खळखळून हसली. ते मात्र तिथंही ऐकू आलं. कशाला हसली, ते आरोहीला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.